देमेत्रिओचं मीठ

खारं मांस भिजत घालण्याआधी ओनोरिना त्याची कड नखाने खरवडते आणि जिभेवर ठेवून बघते. मग ठरवते, पाणी किती वेळा बदलायचं. उन्हात वाळवलेलं बकऱ्याचं मांस जितकं जुनं तितकं मिठाने कडक झालेलं असतं. कुराल वेल्यो गावातल्या सगळ्याच बायका असं करतात. पण बाकीच्यांचं काम जिभेवर चव आली की संपतं. ओनोरिना मात्र चव घेतल्यावरही पातेल्यापाशी थोडी रेंगाळते.

"बदललंस का पाणी?" दारातून आवाज येतो.

"बदललं."

"परत?"

"परत."

"मग त्यापेक्षा पाणीच शिजव ना. मांस कशाला मध्ये?"

देमेत्रिओ दारातल्या खुर्चीवर बसलेला असतो. उजवा पाय स्टुलावर. पायाचा अंगठा पिकलेल्या काजूबोंडासारखा लाल. पंचाहत्तरी कधीच मागे पडली, केस पांढरे झाले, पण जिभेची धार तशीच आहे. समोर सुकलेला ओढा, त्याच्या पलीकडे तांबूस टेकडी. तो दिवसभर त्या टेकडीकडे बघत असतो आणि ओनोरिनाला ठाऊक असतं, तो काय बघतोय ते.

त्या टेकडीवर त्याने उभी उमर खणण्यात घालवली होती. शेतात तो कधी रमला नाही. चवळी पेरायचा, साबुकंद लावायचा, पण सगळं उरकून टाकल्यासारखं. त्याचा जीव तातूच्या बिळात. तातू म्हणजे पाठीवर चिलखत घेऊन फिरणारं, डुकराएवढं धीट नि उंदराएवढं भित्रं जनावर. कुत्रा मागे लागला की बघता बघता जमिनीत शिरतं. अख्ख्या पंचक्रोशीत देमेत्रिओसारखा खणणारा नव्हता. बिळाच्या तोंडाशी तो गुडघे टेकून बसायचा, मूठभर माती उचलून हुंगायचा आणि म्हणायचा, "आहे." किंवा म्हणायचा, "काल होता, आज जावयाकडे गेलाय." त्याचं बोलणं सहसा खोटं ठरायचं नाही.

ओनोरिनाला मागणी घालायला आला तेव्हाही रिकाम्या हाताने आला नव्हता. तिचे वडील बेलार्मिनो ओसरीवर बसले होते. याने पोतं खाली ठेवलं, पोतं हललं, आणि ओनोरिना आत पळाली.

"यात काय?" वडिलांनी विचारलं.

"सासरेबुवांसाठी जेवण."

"अजून सासरा झालो नाही मी."

"जेवण झाल्यावर व्हाल."

बेलार्मिनो हसले आणि लग्न ठरलं. जूनमधल्या संत जॉनच्या शेकोट्या पेटल्या होत्या, अंगणात मक्याची कणसं भाजली जात होती. तातूचं मांस त्याच्याच कवचात शिजवलं होतं. खरपूस, मिठाला अगदी बरोबर. आजही शेकोटीचा धूर आला की ओनोरिनाच्या तोंडात आधी ती चव येते, मग बाकीचं सगळं आठवतं.

लग्नानंतर काही वर्षांनी बेलार्मिनोंच्या किडन्या गेल्या. अंग सुजायचं, डोळ्यांच्या पापण्या उघडायच्या नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरने बजावलं, मिठाचा कण पोटात जाता कामा नये. आई गेलेली, भाऊ लौरिवाल तेव्हा लहान आणि धांदरट. म्हणून वडील ओनोरिनाकडे राहायला आले. ती त्यांना अळणी भात, अळणी चवळी, अळणी रस्सा द्यायची. ते त्याला राखेचं जेवण म्हणायचे. "पोरी, एक चिमूट," म्हणून हात पुढे करायचे. ती तोंड फिरवून उभी राहायची. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मागणं सोडलं, तेव्हा ती परसात जाऊन रडली. ते गेले. पण तिच्या मनात एक गोष्ट दगडावर कोरल्यासारखी पक्की झाली. किडनी म्हटलं की मीठ बंद.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पाऊस पार पाठ फिरवून गेलेल्या एका साली, ऑगस्टात देमेत्रिओ आणि लौरिवाल टेकडीवर गेले. बरोबर फाइस्का, तांबूस रंगाची, नाकाची पक्की कुत्री. बीळ खोल निघालं. दुपारभर खणलं. माती इतकी कोरडी की कुदळ पडली की धूर उठायचा. शेवटी देमेत्रिओने नेहमीचं केलं, छातीपर्यंत बिळात शिरला आणि तातूची शेपटी धरली. तातू पाय रोवून बसलेला. हा बाहेर ओढतोय, शिव्या घालतोय, माती तोंडात जातेय. बाहेर आला तेव्हा भाजलेल्या विटेसारखा दिसत होता. घरी आल्यावर ओनोरिना म्हणाली, "कोण आपण?" त्याने तातू वर धरला. "ओळख पटली?"

पंधरवडा गेला आणि तिघेही खोकायला लागले. लौरिवाल खोकला, तापला, पडून राहिला आणि हळूहळू उठून बसला. फाइस्काने खाणं सोडलं, हाडं वर आली आणि एके सकाळी ती चुलीमागे मेलेली सापडली. देमेत्रिओचा खोकला मात्र गेला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं, काय काम करता? तातूच्या शिकारीला बंदी होती. वनखात्याचे लोक कुत्री नि बंदुका उचलून न्यायचे. कुराल वेल्योतला कुठलाच माणूस सरकारी टेबलासमोर तातूचं नाव काढायचा नाही. देमेत्रिओ म्हणाला, "विहिरी खणतो." त्यांनी क्षयाच्या गोळ्या दिल्या. महिनोन् महिने त्याने त्या गिळल्या. तो वाळत गेला, मानेवर गाठी आल्या, त्या फुटल्या.

शेवटी लौरिवालने कुणाच्या तरी मालट्रकमध्ये त्याला आडवं घातलं आणि तेरेज़िना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टर सेलेस्ते होत्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, पिकोस गावाकडच्या बोलीत बोलणाऱ्या. त्यांनी तालुक्याचा कागद वाचला, मानेच्या जखमा बघितल्या, छातीचा फोटो उजेडात धरला आणि एकदम विचारलं, "घरी कुत्रा होता का?"

ओनोरिना म्हणाली, "होती. कुत्री."

"आजारी पडली होती?"

"मेली."

"हं. मग विहिरीत कुत्रीला कशाला उतरवलं होतं?"

लौरिवालने छताकडे बघितलं. देमेत्रिओला हसू आलं, हसता हसता खोकला आला.

"डॉक्टरीणबाई, पाणी कुठंय ते तिला वासावरून कळायचं."

"माझे वडीलही असल्याच विहिरी खणायचे," सेलेस्ते म्हणाल्या. "घाबरू नका, मी वनखात्याची नाही. त्या मातीत एक बुरशी असते. बिळातली माती उडाली की नाकातून आत जाते. बऱ्याच जणांना नुसता खोकला होऊन जातो. तुमच्या आत तिने घर बांधलंय."

गोळ्यांनी ती हटेना. मग पिवळं औषध सुरू झालं. बाटलीवर काळा कागद गुंडाळलेला, उजेड लागू नये म्हणून. नळीतून पिवळा थेंब आत जायला लागला की अर्ध्या तासात देमेत्रिओचे दात वाजायचे. बाहेर तेरेज़िनाचं ऊन मेंदू वितळवणारं, आणि हा दोन घोंगड्यांखाली थडथडतोय. पलंग वाजायचा. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा म्हणायचा, "आला, भूकंप आला." देमेत्रिओ घोंगडीतून म्हणायचा, "तातूला बिळातून ओढताना त्याला असंच वाटत असणार. फिटंफाट."

ओनोरिना हॉस्पिटलमागच्या गल्लीत मावसबहीण इवोनेतेकडे उतरली होती. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरीण फेरीला आल्या, कागद बघितला आणि नर्सला म्हणाल्या, "किडन्यांवर लक्ष ठेवा. युरिक ॲसिड वाढलंय." मग त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. ओनोरिनाने एवढंच ऐकलं. तिच्या कानात घण पडला.

त्या संध्याकाळपासून तिने कारभार हातात घेतला. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून सूप आलं की ती चमचाभर चाखायची. खारट. पार मिठागर. "या लोकांना अक्कल आहे का?" म्हणत ती ते मोरीत ओतायची. मग इवोनेतेच्या गॅसवर शिजवलेला अळणी भात, अळणी चवळी काढायची. युरिक ॲसिडसाठी बाजारातून दगडफोडीची जुडी आणली. तिच्या आईच्या वेळेपासून मूतखड्याला, अंगठ्याच्या दुखण्याला त्याच पाल्याचा काढा. सकाळ-संध्याकाळ ग्लास भरून पाजायची. देमेत्रिओ सारखा लघवीला जायचा. ती समाधानाने मान हलवायची. घाण निघतेय.

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याची बायको म्हणाली, "बाई, तुम्ही किती करता हो नवऱ्याचं."

"करायला नको? हा गेला तर घरी दुसरा आहे का?"

देमेत्रिओने चवळीचा घास तोंडात घोळवला. "ओनोरिना."

"काय?"

"मीठ नसेल तर निदान रड यात. दोन थेंब तरी पडतील."

"गप खा. किडनी जायची नाहीतर."

"चव गेली, किडनी राहून करू काय?"

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर वडिलांच्या सुजलेल्या पापण्या होत्या. या माणसाला ती तशी जाऊ देणार नव्हती.

आणि तरीही आकडे चढायला लागले. अंगठा रात्रीतून सुजला, चादरीचा स्पर्श झाला तरी देमेत्रिओ ओरडायचा. डॉक्टर सेलेस्तेंचा चेहरा फेरीगणिक लांबत चालला. एका सकाळी त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"देमेत्रिओभाऊ, किडन्या दमल्यात. असंच चाललं तर मला औषध थांबवावं लागेल."

"थांबवलं तर?" ओनोरिनाने विचारलं.

"तर बुरशी थांबणार नाही."

"आणि नाही थांबवलं तर?"

सेलेस्तेंनी हातातल्या कागदाची घडी घातली. ओनोरिनाने नवऱ्याचा पाय धरला, नेमका दुखरा. तो ओरडला नाही.

दुपारी तो मोरीकडे जायला उठला आणि दोन पावलांवर कोसळला. नर्स धावली, डॉक्टरीण धावल्या. निजवून रक्तदाब घेतला, मग बसवून परत घेतला, तर पार खाली. सेलेस्तेंनी भुवया उंचावल्या. त्यांची नजर स्टुलावरच्या डब्यावर गेली. अर्धवट उरलेली चवळी. शेजारी काढ्याचा ग्लास, तळाशी पाला.

त्यांनी चमचा उचलला आणि चवळी खाल्ली.

"यात मीठ कुठंय?"

"काढलं," ओनोरिना म्हणाली. तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. "पहिल्या दिवसापासून कण नाही दिला. तुमच्या स्वयंपाकघरातलं सूप पण मोरीत. मेले मुठीने मीठ घालतात."

"ते मीच सांगितलं होतं घालायला."

ओनोरिनाने डबा स्वतःकडे ओढला.

"किडनीला मीठ?" ती म्हणाली. "माझे वडील किडनीने गेले. डॉक्टर म्हणाले होते, कण नको."

"बरोबर म्हणाले होते ते. वडिलांची किडनी थकलेली, मीठ-पाणी बाहेर जात नव्हतं, अंगात साठत होतं. सूज होती ना?"

"होती."

"याला आहे? बघा, पाय बघा. अंगठा सोडला तर बकरीचे पाय झालेत. हे औषध याच्या अंगातलं मीठ वाहून नेतं. मिठामागे पाणी जातं. त्यात तुमचा काढा, तोही पाणी काढतोय. कोरड्या पडलेल्या किडनीवर औषध घाव घालतंय. किडनी दमली की युरिक ॲसिड तिथेच राहतं, मग ते अंगठ्यात." त्या देमेत्रिओकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही सांगा. कोरड्या ठक्क जमिनीवर कुदळ मारली की?"

"ठिणग्या उडतात." त्याचा आवाज बारीक झाला होता.

"आणि ओल असली की?"

"लोण्यात शिरते."

"आपल्याला ओल हवीय."

ओनोरिना भिंतीला टेकली. डॉक्टरीण तिच्याजवळ आल्या. "चूक माझी आहे, ओनोरिनाबाई. मी स्वयंपाकघराला सांगितलं, नर्सला सांगितलं. जेवण कोण भरवतं, तिला सांगितलं नाही. आता सांगते. खारं मांस मिळतं ना बाजारात? त्याचा रस्सा करा. पाणी टाकू नका. आणि आठवडाभर बघू. आकडे उतरले नाहीत तर औषध बंद."

इवोनेतेच्या गॅसवर रस्सा उकळत होता. इवोनेते म्हणाली, "अगं, चाखून बघ ना." ओनोरिनाने चाखलं. मांसाचं मीठ उतरलं होतं, पण अजून हवं होतं. तिने डब्यातून मूठ भरली आणि हात पातेल्यावर नेला. हात उघडेना. त्या मुठीपुढे एक सुजलेला तळवा पसरलेला तिला दिसत होता. पोरी, एक चिमूट. किती मागितलं होतं त्या माणसाने! एक चिमूट. आणि आज ती या दुसऱ्या माणसासाठी मूठभर घालणार होती.

"काय झालं गं?" इवोनेते म्हणाली.

"काही नाही. वाफ लागली." तिने मूठ सोडली.

हॉस्पिटलात देमेत्रिओने पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. ती घाबरली.

"काय झालं? जास्त झालं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. वाडगा दोन्ही हातांनी धरून तो प्यायला, तळाचं मांस बोटाने काढून खाल्लं. मग म्हणाला, "बाबांच्या वाटणीचं पण आज मीच खाल्लं."

तेव्हा ती रडली. म्हातारा शेजारून म्हणाला, "आता कशाला? आता मीठ आहे त्यात."

पिवळं औषध एक दिवसाआड झालं. त्याच्या आधी सलाईनची बाटली लागायची, वर खारा रस्सा, केळी, आणि पोटॅशियमचं एक औषध, जे देमेत्रिओच्या मते घोड्याच्या मुतासारखं होतं. थंडी वाजायचीच, पलंग वाजायचाच. पण आठवड्याच्या शेवटी डॉक्टरीण फेरीला आल्या त्या कागद हलवतच. आकडा चढायचा थांबला होता. पुढच्या आठवड्यात थोडा उतरला. पुरता खाली मात्र कधीच आला नाही. "किडनीवर ओरखडा राहील," सेलेस्ते म्हणाल्या. देमेत्रिओ म्हणाला, "राहू दे. आठवण म्हणून."

मानेच्या जखमा भरल्या. निघताना त्याने विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमचे वडील किती खोल विहीर खणायचे?"

"छातीपर्यंत."

"हां," तो म्हणाला. "म्हणजे जाणकार."

घरी आल्यावर गोळ्या वर्षभर चालल्या. कुदळ दाराच्या वरच्या खुंटीवर गेली. लौरिवालने आणखी एकदा कुत्रं पाळलं, पण तो टेकडीवर गेला नाही. पोरंटोरं मात्र जायची. देमेत्रिओ खुर्चीतून हातवारे करायचा. "त्या निवडुंगाच्या डाव्या अंगाला बघा. आणि डोकं आत घालू नका रे, गाढवांनो. तोंडाला फडकं बांधा. नाहीतर ही बाई तुम्हाला अळणी जेवू घालील." पोरं हसायची आणि फडकं खिशात घालून पळायची. संध्याकाळी कुणी पोतं भरून आलं की तो खूश, रिकामं आलं की जास्त खूश.

आता इतक्या वर्षांनी तो ओरखडा बोलायला लागलाय. आरोग्यकेंद्रात नवीन पोरगी आलीय, डॉक्टर. तिने कागद बघितला आणि सांगितलं, रक्तदाब वाढलाय, किडनी म्हातारी झालीय, युरिक ॲसिडही वर आहे. वजडी बंद. मांस कमी. मीठ कमी.

देमेत्रिओ म्हणाला, "बाळ, एक डॉक्टर म्हणते घाल. एक म्हणते काढ. मी काय खारं मांस आहे, भिजत घालायला?"

या वेळी ओनोरिनाने सगळं समोर बसून विचारून घेतलं. कमी म्हणजे किती? अजिबात नको का? पोरगी म्हणाली, "अजिबात नको असं नाही, आजी. थोडं चालेल. फक्त हात आखडता घ्या." ओनोरिनाने तिचा हात धरला आणि परत विचारलं, "थोडं चालेल ना? नक्की?"

आज संत जॉनची रात्र. ओढ्यापलीकडे शेकोट्या रचल्यात. पातेल्यात मांस भिजतंय. सकाळपासून ती पाणी बदलतेय, आणि दर वेळी दारातून विचारणा होतेय. आणखी एकदा बदलायला हवं, हे तिच्या जिभेला कळतं. ती पातेलं उचलते. थोडा वेळ हातात धरते. मग तसंच चुलीवर चढवते.

जेवायला अंगणात बसतात. ती त्याच्या ताटात एक तुकडा वाढते, लहानसाच. साबुकंदाचं पीठ भुरभुरते. तो घास घेतो, चावतो, शेकोटीच्या उजेडात तोंड वाकडं करतो.

"मीठ कुठंय यात?"

"आहे."

"मला नाही लागत."

"खोल आहे," ओनोरिना म्हणते. "खणून काढ."

तो तिच्याकडे बघतो. मग डोळे मिटून हळूहळू, फार वेळ चावत राहतो. ओढ्यापलीकडून कणसं भाजल्याचा वास येतो. अखेर तो एक डोळा उघडतो.

"सापडलं," तो म्हणतो.